राहीवर राज्य

‘रियाची उंच भरारी’ या सोळा पानी पुस्तकाला बालसाहित्याचा पुरस्कार मिळाला. शाल, नारळ आणि चांदीच्या रंगाची ट्रॉफी. पुस्तकावर लेखक म्हणून माझं नाव आहे. हे एकदा सांगून टाकलं. आता असं काही झालंच नाही असं धरून चाला. मी सात वर्षं तसंच धरून चाललोय, काही अडत नाही.

तर मी मुळगुंदबाईंच्या समोर बसलो होतो. मिरजेतल्या एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. माझ्या शेजारच्या खुर्चीत राही, माझ्या ताईची मुलगी, वय वर्षं नऊ. तिची कुबडी टेबलाला टेकवलेली. राहीचा उजवा पाय तुमच्याआमच्यासारखा आणि डावा जन्मापासून वीतभर आखूड. उंच तळाचा एक बूट करून आणला होता, पण त्याला ती ‘टेबल’ म्हणायची आणि टेबल घालून शाळेत कोण जातं, असं विचारायची.

“तुम्ही मुलीचे कोण?” बाईंनी विचारलं.

“मामा.”

“आईवडील?”

“बँकेत आहेत.”

“कधी येतील?”

“ऑडिट संपलं की.”

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि बेडूकउडी प्रकाशनात संपादकीय सहायक होतो. ताईच्या भाषेत, रिकामा. शिवाय माझं नाव प्रसन्न. ही आईवडिलांची सूचना होती, मला ती पाळता आली नाही.

“हं. संघात घ्या म्हणताय. कुठल्या?”

“लंगडीच्या.”

बाई उठल्या, दार लावून आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, तिच्यासमोर काय हा शब्द!”

“बाई, मी लंगडीत एक नंबर आहे,” राही म्हणाली. “विचारा पोरींना. माझ्यावर राज्य आलं की सगळ्या रडायला लागतात.”

हे खरं होतं. ज्याच्यावर राज्य, त्यानं एका पायावर उड्या मारत बाकीच्यांना शिवायचं आणि दुसरा पाय टेकला की बाद. बाकीच्या पोरी तो दुसरा पाय वर धरूनच अर्ध्या दमायच्या. राहीचा मुळात वरच. तिनं टेकवायचा म्हटला असता तरी टेकला नसता. डाव सुरू झाला की ती कुबडी भिंतीशी ठेवायची, तिला “बस गं” म्हणायची आणि गल्लीत कत्तल सुरू करायची.

“एक म्हणजे तिला इजा होईल,” बाई म्हणाल्या.

“डॉक्टर म्हणाले, खुशाल खेळू दे.”

“आणि दुसरं म्हणजे ती जिंकेल.”

“तेच म्हणतोय.”

“मग बाकीच्या शाळा काय म्हणतील? मुद्दाम अशी मुलगी आणली! आणि माईकवरनं पुकारायचं कसं हो? ‘लंगडीच्या संघात राही…’ छे! लोकांना वाटेल शाळाच चिडवतेय.”

राहीनं माझ्याकडं बघितलं. तिला चिडवत कोण होतं ते तिला कळेना. मलाही कळेना.

“असं कुठं असतं का?” बाईंचा आवाज आता मऊ झाला. “कुठल्या पुस्तकात तरी वाचलंय का तुम्ही?”

बाईंचा पुस्तकांवर फार विश्वास. पेपरात आलं ते खरं आणि पुस्तकात आलं ते जास्त खरं. त्यांच्या पाठीमागं काचेचं कपाट होतं आणि त्यातली निम्मी पुस्तकं आमच्याच प्रकाशनाची. ती मी तपासलेली असल्यामुळं मला पाठ होती. त्यांत पाय अधू असलेली मुलं दोन प्रकारची, शेवटी बरी होणारी आणि शेवटी मरणारी. मरणारी जास्त गोड असायची. लंगडी खेळून पोरींना रडवणारी एकही नव्हती.

“नाही वाचलं,” मी म्हटलं.

“मग? येऊ दे कुठं छापून. पहिलं नाव हिचं घालते. शब्द आहे माझा.”

बाहेर आल्यावर राही फाटकापाशी थांबली.

“मामा, तू पुस्तकं छापतोस ना?”

“मी छापत नाही. मी ऱ्हस्व-दीर्घ बघतो.”

“मग माझं छाप. आणि ऱ्हस्व-दीर्घ बघ. जानेवारीत सामने आहेत.”

एखाद्या मुलीला खेळू द्यावं म्हणून आधी तसं पुस्तक काढायचं, हा मार्ग आम्हा दोघांनाही तेव्हा जवळचा वाटला. थकलेल्या माणसाला कुठलाही रस्ता जवळचाच वाटतो.

पुस्तक मी एका रविवारी लिहून काढलं. नाव ठेवलं ‘राहीवर राज्य’. सोळा पानं. राहीवर राज्य येतं, ती पोरींना एकेक करून शिवते, पिंकी वेडावून दाखवते म्हणून तिला दोनदा शिवते. शेवटच्या पानावर सगळ्या दमून पायरीवर बसल्यात, राही कुबडीवर हनुवटी टेकून कोकम सरबत पितेय आणि विचारतेय, “अजून एक डाव?” संपलं. त्यात कुणी काही शिकत नाही. कुणाला धीर मिळत नाही. मला ते पुस्तकाचं बलस्थान वाटलं होतं.

राहीनं ते वाचून एकच दुरुस्ती सुचवली. “पान चारवर आजी माझा मुका घेते, ते काढ. पोरी हसतील.”

“आजीला वाईट वाटेल.”

“मग राहू दे. पण बारीक अक्षरात.”

आमचे मालक शेंडुरेसर. भला माणूस. चाळीस वर्षं मुलांची पुस्तकं काढून त्यांचा चेहरा शाळा सुटायची वाट बघणाऱ्या मुलासारखा झाला होता. त्यांनी हस्तलिखित वाचलं, दोनदा हसले आणि चष्मा पुसला.

“प्रसन्ना, झकास आहे रे. पण असलं नुसतं कोण काढणार? ट्रस्टच्या मालिकेत बसवू या की.”

एका कंपनीचा ट्रस्ट होता. ‘आम्हीही कमी नाही’ नावाची मालिका तो पुरस्कृत करत होता. कोण कुणापेक्षा कमी नाही ते नावावरून कळत नसे, पण कागद गुळगुळीत होता आणि पुस्तकं शाळाशाळांत फुकट जाणार होती. मुळगुंदबाईंच्या कपाटातही. मी हो म्हटलं.

ट्रस्टनं मुलांच्या पुस्तकात कुठले शब्द नकोत आणि त्यांच्या जागी कुठले हवेत ते कळवलं होतं. शेंडुरेसरांना संगणकावरची एकच युक्ती यायची, एक शब्द शोधायचा आणि सगळीकडं एकदम बदलायचा. ती त्यांनी मोठ्या आनंदानं वापरली. दुसऱ्या दिवशी प्रूफ माझ्यापुढं आलं.

‘“चला गं, दिव्यांग खेळू या!” राही म्हणाली.’

मी चहाचा कप खाली ठेवला.

‘“नको, आपण दृष्टिहीन कोशिंबीर खेळू,” पिंकी म्हणाली आणि तिने राहीला मनोरुग्णवून दाखवले.’

पान चारवर आजीनं राहीला जवळ घेतलं होतं आणि तिचा एक वाचाबाधित घेतला होता. त्यानंतर राही वाचाबाधितट्याने जेवायला बसली होती.

“सर,” मी म्हटलं, “आजीनं काय घेतलंय बघा.”

सरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

“संवेदनशील वाटतंय का?” त्यांनी विचारलं.

“वाटतंय. पण आजीला दवाखान्यात न्यायला पाहिजे.”

आजीचा मुका परत मिळाला, कोशिंबीर परत मिळाली, मुकाट्याने जेवणंही मिळालं. लंगडी तेवढी मिळेना. त्यासाठी ट्रस्टच्या सल्लागार मोहिनीताई भडकमकर स्वतः पुण्याहून आल्या.

त्या वाईट असत्या तर मला बरं पडलं असतं. पण त्या फार चांगल्या होत्या. त्यांनी पुस्तक खरोखर वाचलं होतं आणि पिंकीला दोनदा शिवण्याचा प्रसंग त्यांना आवडला होता. सकाळपासून त्यांची अशी पाच पुस्तकं झाली होती. डोळे लाल.

“प्रसन्न, एवढा एक शब्द बघा ना काही.”

“ताई, ती शिवी नाही. खेळाचं नाव आहे.”

“मला माहितीय हो. मीही खेळलेय. पण कुबडीवाली मुलगी आणि शेजारी हा शब्द असं एका पानावर छापलं, की कुणीतरी नुसता तेवढाच फोटो काढून वर कंपनीला पाठवणार. मग मालिकाच बंद. खेळाला दुसरं नाव नाही का?”

“एकपाद क्रीडा?” शेंडुरेसर म्हणाले.

आम्ही तिघांनी ते मनात म्हणून बघितलं.

“योगासन वाटतं,” मोहिनीताई म्हणाल्या. “आपण खेळच बदलू या. धावण्याची शर्यत घ्या. सोपं.”

“ती धावू शकत नाही,” मी म्हटलं.

“तोच तर संघर्ष!”

“कुबडी घेऊन धावली तर शेवटची येईल.”

“शेवटची नको. मुलं निराश होतात.”

“मग लंगडीच राहू द्या. त्यात ती पहिली येते.”

“शब्द, प्रसन्न, शब्द.”

पंखा फिरत होता. सर चहात बिस्कीट बुडवून ते तुटायची वाट बघत होते. ते तुटलं.

“म्हणजे शर्यत ठेवायची,” सर सावकाश म्हणाले, “आणि पहिली आणायची. मग… पाय बरा झाला तर?”

मी शपथेवर सांगतो, त्या खोलीतल्या कुणालाही राहीचा पाय बरा करायचा नव्हता. मोहिनीताईंनी तर कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “असलंच नको म्हणून तर ही मालिका काढली होती.” पण दुसरं काही सुचेना आणि त्यांना परतीची गाडी होती. एका शब्दापायी पोरीचा पाय बरा झाला. डॉक्टरांना नऊ वर्षांत जमलं नव्हतं, आम्ही चहा निवायच्या आत केलं.

“माझं नाव नका घालू,” मी म्हटलं.

“लेखकाचं नाव नसलं तर ट्रस्ट घेत नाही रे,” सर म्हणाले.

“मग राहीचं तरी काढा.”

ते मात्र दोघांनीही लगेच मान्य केलं. राहीची रिया झाली, राज्याची भरारी झाली आणि माझ्या आयुष्यातला तो एकमेव संपादकीय विजय ठरला.

“झालं का माझं पुस्तक?” राही रोज विचारायची.

“होतंय. थोडे बदल आहेत.”

“ऱ्हस्व-दीर्घ?”

“हो. बरेच.”

मला वाटत होतं, अजूनही जमेल. बाईंना छापील काहीतरी हवं होतं. कुबडीवाली मुलगी मैदानावर आहे, एवढं तर मुखपृष्ठावरच दिसत होतं. बाई आत कशाला बघतील? पुस्तकांवर एवढा विश्वास असलेली माणसं सहसा ती वाचत नाहीत.

मुळगुंदबाईंनी वाचलं. डिसेंबरात शाळेतच प्रकाशन ठेवलं होतं, तिथं माईकवरनं सगळीच्या सगळी सोळा पानं वाचली, प्रत्येक पान उंच धरून चित्र दाखवत. राही माझ्या शेजारी पहिल्या रांगेत. पाहुण्यांना गुच्छ तिनंच द्यायचा होता, म्हणून तिच्या फ्रॉकला ‘प्रेरणा’ असं लिहिलेली फीत टाचलेली. आपलं पुस्तक म्हणून ती आधी ताठ बसली होती. पान तीनपाशी तिनं मला कोपरानं ढोसलं.

“मामा, ही रिया कोण?”

“पुस्तकातली.”

“कुबडी माझ्यासारखी आहे.”

“हो.”

“आणि लंगडी कधी खेळणार?”

“बघू या पुढं.”

पुढं रियानं पहाटे उठून व्यायाम केला. डॉक्टरकाकांचं ऐकलं. दूध प्यायली. पान सोळावर ती दोन्ही पायांनी वाऱ्यासारखी धावत होती, केस मागं उडालेले, दात दिसतायत, आणि मागं दूर फुलांच्या झुडपात तिची कुबडी पडलेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेत एक आजोबा उभे राहिले, पण ते बाथरूमला चालले होते.

राही चित्राकडं डोळे बारीक करून बघत होती.

“झुडपात कशाला टाकली? भिंतीशी ठेवायची ना.”

“बरी झाली ना ती.”

“आजारी होती?”

“नाही.”

“मग?”

तिनंच विचार पुरा केला.

“आता ही हरणार.”

“अगं, पहिली आली की ती.”

“शर्यतीत रे. लंगडीत हरणार. दोन्ही पाय खाली पुरले हिचे. टेकणार.” आणि मग, वर्गात नव्या आलेल्या मुलीबद्दल बोलावं तसं, “बिचारी.”

कार्यक्रम संपल्यावर मी बाईंना गाठलं. त्यांनी पुस्तक छातीशी धरलं होतं. डोळे ओले.

“बाई, छापून आलं.”

“आलं हो! फार सुंदर लिहिलंत. शेवटाला तर मला आवरलंच नाही.”

“मग राहीचं नाव? जानेवारीत…”

“म्हणूनच म्हणते, घाई नको.” त्यांनी राहीच्या डोक्यावरून हात फिरवला. “पुस्तकात कसं दाखवलंय? आधी बरी झाली आणि मग मैदानात उतरली. तुम्हीच लिहिलंय. आपल्या राहीचंही तसंच करू. पूर्ण बरी झाली की पहिलं नाव हिचं. शब्द आहे माझा.”

“बाई, ती आजारी नाहीये.”

“अगदी बरोबर. हिला असंच सांगत राहायचं.”

राहीनं फ्रॉकवरची फीत काढली, नीट घडी केली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. मग कुबडी घेतली आणि आम्ही निघालो. फाटकापाशी ती आधीसारखीच थांबेल असं मला वाटलं. थांबली नाही.

जानेवारीत सामने झाले. राहीला व्यासपीठावर पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची होती, सावलीत, पायाखाली उशी. लंगडीचा सामना सुरू झाला. आमच्या शाळेची मुलगी गडी टिपत सुटली होती, बाई टाळ्या वाजवत होत्या आणि वळताना त्या मुलीचा दुसरा पाय क्षणभर खाली लागला. पंचांना दिसलं नाही. समोरच्या शाळेलाही दिसलं नाही.

“टेकला!” व्यासपीठावरून राही ओरडली. “टेकला टेकला टेकला! मी बघितला!”

प्रेरणास्थानानंच साक्ष दिल्यावर पंचांचा इलाज चालेना. मुलगी बाद झाली. शाळा पहिल्याच फेरीत बाहेर. बाई पुढं बरेच दिवस राहीशी बोलल्या नाहीत, आणि ताईच्या मते राहीला शाळेनं दिलेली ती एकमेव समान वागणूक होती.

राही शाळेच्या संघात कधीच खेळली नाही. गल्लीत खेळायची. मग पोरी मोठ्या झाल्या, एका पायावर उड्या मारायची त्यांना लाज वाटायला लागली आणि राज्य घ्यायला कुणी उरलं नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. आता ती अकरावीला आहे, सांगलीच्या एका कॉलेजात.

“मामा, आमच्याकडं जागतिक दिव्यांग दिन झाला. मला स्टेजवर बोलावून भेट दिली. ओळख काय.”

“पेन?”

“पुस्तक. सोळा पानी.”

मी हातातलं प्रूफ खाली ठेवलं.

“चौथी आवृत्ती आहे. वर पुरस्काराचा गोल शिक्का मारलाय. मी हसायला लागले तर मॅडमना वाटलं मी भारावले. टिश्यू दिला मला.”

“टाकून दे ते.”

“कशाला? ऱ्हस्व-दीर्घ चांगलं आहे.” मग म्हणाली, “मामा, ही अजून धावतेच आहे रे. सात वर्षं झाली. दमली असेल.”

फोन ठेवल्यावर मी बसलो आणि लिहायला घेतलं. मला तपासण्यापेक्षा दुसरं काही फारसं येत नाही, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ तपासूनच खाली देत आहे.

प्रति,
मा. अध्यक्ष,
पुरस्कार निवड समिती.

विषय : पान क्र. १६ वरील मुलीस कुबडी परत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर मुलगी ही मूळची लंगडी या खेळातील खेळाडू असून तिला कोणताही आजार नव्हता. केवळ पर्यायी शब्द उपलब्ध न झाल्याने तिला बरे करण्यात आले. तेव्हापासून ती दोन्ही पायांनी विनाविश्रांती धावत असून, चार आवृत्त्यांत तिला एकदाही बसू देण्यात आलेले नाही. तिची कुबडी मागील बाजूस झुडपात पडून आहे.

तरी सदर कुबडी झुडपातून काढून मुलीस परत देण्यात यावी, तिला पायरीवर बसण्याची मुभा असावी, शक्य झाल्यास कोकम सरबत द्यावे, आणि तिचा थकवा गेल्यावर पुढील डावात तिच्यावर राज्य देण्यात यावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
प्रसन्न
(लेखक, नाइलाजाने)